गाडीची लांबी आणि उभे राहण्याची जागा : गिरगाव ते लालबाग परिसरातील कौटुंबिक मोटारीचा इतिहास आणि विजेच्या मोटारीचे नवे पर्व

प्रस्तावना

दादर पूर्वेकडील खोदादाद सर्कल या चौकाला जुने मुंबईकर आजही ‘दादर टी.टी.’ या नावाने ओळखतात. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम धावली आणि मुंबईतील ट्रामचे पर्व संपले. ट्राम गेली, रूळ उखडले गेले, पण चौकाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. आज त्याच चौकातून विजेवर चालणाऱ्या खासगी मोटारी जाताना दिसतात. त्यांपैकी अनेक मोटारी लांबरुंद आणि उंच बांध्याच्या, म्हणजेच ‘एसयूव्ही’ या प्रकारातील असतात.

वरवर पाहता हे विसंगत वाटते. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग हे मुंबई बेटावरील अत्यंत दाट वस्तीचे भाग आहेत. गल्ल्या अरुंद, दैनंदिन अंतरे लहान आणि गाडी उभी करण्यास जागा नाही, अशा ठिकाणी विजेवरची लहान मोटार हीच सर्वांत सोयीची ठरावयास हवी. प्रत्यक्षात बाजाराचा कल मोठ्या मोटारीकडे झुकला. असे का घडले, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी वाहनउद्योगाचा इतिहास, कररचनेतील बदल, उत्पादकांनी जाहीर केलेली मोटारींची मापे आणि या परिसरातील घरांचे स्वरूप यांचा एकत्रित विचार केला आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या परिसरात मोटारीच्या आकाराचा प्रश्न हा मुळात जागेवरील हक्काचा प्रश्न आहे. पेट्रोलची लहान मोटार ज्याच्यापाशी स्वत:ची जागा नव्हती अशा कुटुंबाच्याही आवाक्यात आली, कारण तिला उभे राहण्यास रस्ता पुरत होता. विजेच्या मोटारीला मात्र जागेबरोबर विजेचे बटणही लागते. त्यामुळे लहान मोटार ज्यांना सर्वाधिक उपयोगी पडली असती, त्यांनाच ती घेणे सर्वाधिक अवघड झाले आहे.

१. विजेवरील प्रवासाची सार्वजनिक परंपरा

मुंबई बेटाला विजेवरचा प्रवास नवा नाही. ७ मे १९०७ रोजी शहरात विजेवरील ट्राम सुरू झाली. ती चालविणाऱ्या कंपनीच्या नावातच वीजपुरवठा आणि ट्राम या दोन्ही सेवांचा उल्लेख होता. हीच कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेच्या मालकीची झाली आणि ‘बेस्ट’ या नावाने मुंबईकरांच्या नित्य जीवनाचा भाग बनली. ट्रामनंतर ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. वरच्या तारांतून वीज घेऊन रबरी चाकांवर धावणारी ही बस २४ मार्च १९७१ रोजी बंद झाली. पुढे २०१७ पासून बेस्टच्या ताफ्यात बॅटरीवरील बसगाड्या येऊ लागल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरील वातानुकूलित दुमजली बस रस्त्यावर आली.

या इतिहासातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ट्राम असो वा ट्रॉलीबस, प्रवाशाला विजेची चिंता करावी लागत नव्हती. वाहन कोठे उभे राहील, त्याला वीज कोठून मिळेल, ही संस्थेची जबाबदारी होती. चाळीतील गिरणी कामगार, पेढीवरील कारकून आणि दुकानदार यांना केवळ तिकिटाचे पैसे द्यावे लागत. विजेवरील खासगी मोटारीने ही जबाबदारी प्रत्येक कुटुंबावर टाकली. सार्वजनिक विजेकडून खासगी विजेकडे झालेले हे संक्रमण पुढील सर्व विवेचनाची पार्श्वभूमी आहे.

२. मोठी की लहान? : शिवडीपासून कुर्ल्यापर्यंत

मोठी गाडी की लहान गाडी हा वादही मुंबईत जुनाच आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे मोटारींची जुळणी करण्याचा कारखाना उभारला. परळ आणि लालबाग येथील गिरण्यांपासून हा कारखाना दूर नव्हता. तेथून बाहेर पडणाऱ्या शेव्हरोले मोटारी ऐसपैस असत. त्यांचे ग्राहक म्हणजे संस्थानिक, व्यापारी, वकील, डॉक्टर आणि कंपन्यांचे अधिकारी. बंगल्याच्या आवारात मोटारखाना असलेल्या माणसासाठीच ती गाडी होती. मलबार हिल आणि कंबाला हिल येथे तिला जागा होती. गिरगावातील वाडीत किंवा परळच्या चाळीत ती कोणाकडे असण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र पालटले. परकीय चलनाची टंचाई आणि देशी उत्पादनाचा आग्रह यांमुळे, केवळ आयात सुट्या भागांची जुळणी करणाऱ्या कंपन्यांना येथे टिकून राहणे अशक्य झाले. १९५३ मधील टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. दरम्यान, वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या सहकार्याने लहान मोटारी बनविण्यास प्रारंभ केला होता. १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तेथे तयार होऊ लागली. तीच पुढे १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

फियाटची स्पर्धा होती ती अँबॅसॅडरशी. अँबॅसॅडर सुमारे ४.३ मीटर लांब, तर फियाट सुमारे ३.९ मीटर लांब आणि १.४६ मीटर रुंद. कलकत्त्याच्या टॅक्सीचालकांनी अँबॅसॅडर पसंत केली, मुंबईने फियाट पसंत केली. कारखाना शहरातच होता हे त्याचे एक कारण. शहराच्या रस्त्यांना आणि गल्ल्यांना साजेसा आकार हे दुसरे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ही लहान गाडी दादरच्या फलाटाबाहेर, परळच्या रुग्णालयांसमोर आणि गिरगावच्या नाक्यांवर चार दशकांहून अधिक काळ उभी राहिली. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली होती. वीस वर्षांची मुदत पूर्ण होताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली.

येथे आणखी एका परंपरेची नोंद घेणे आवश्यक आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीप गाड्यांची जुळणी सुरू केली. आजच्या एसयूव्हीची भारतीय वंशावळ या जीपपर्यंत मागे नेता येते. मात्र जीप ही शेती, पोलीस, वनखाते आणि सैन्य यांची गाडी होती. कौटुंबिक मोटार म्हणून तिच्याकडे पाहिले जात नव्हते. शहरी कुटुंब आणि उंच बांध्याची गाडी हे नाते नंतरच्या काळात जुळले.

३. चाळ, अंगण आणि मोटार

या परिसरातील बहुसंख्य जुनी घरे मोटारीच्या आधीच्या काळातील किंवा मोटारीचा विचार न करता बांधलेली आहेत. गिरगावातील वाड्या आणि चाळी मुख्यत: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत उभ्या राहिल्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे एकूण २०७ बीडीडी चाळी बांधल्या. तेथील खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १४.९ चौरस मीटरची.

आता वाहनतळाची मापे पाहू. बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या मोटारीसाठी २.५ मीटर गुणिले ५.५ मीटर, तर लहान मोटारीसाठी २.३ मीटर गुणिले ४.५ मीटर इतकी जागा धरली आहे. मोठ्या गाडीच्या जागेचे क्षेत्रफळ १३.७५ चौरस मीटर होते. याचा अर्थ, ज्या खोलीत एका कामगार कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, तिच्याहून केवळ एका चौरस मीटरने कमी जागा आज एक मोठी मोटार उभी करण्यासाठी लागते. हे गणित कोणाला दोष देण्यासाठी मांडलेले नाही. या परिसरात ‘जागा’ या शब्दाला किती वजन आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

चाळीचे अंगण ही खासगी मालमत्ता असली, तरी व्यवहारात ते सामायिक होते. मुलांचे खेळ, पापड-कुरडयांची वाळवणे, लग्नकार्याचा मांडव आणि गणेशोत्सव यांसाठी ते वापरले जाई. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ ची. उत्सवाच्या दिवसांत अंगण मोकळे करावे लागते आणि तेथे लावलेली वाहने अन्यत्र न्यावी लागतात. अंगणात गाडी लावणे ही शेजाऱ्यांच्या संमतीने मिळालेली सवलत असते. तो हक्क नसतो.

भाडे नियंत्रण कायद्याने या घरांची भाडी गोठविली. पागडीच्या व्यवहाराने भाडेकरूला खोलीवर बळकट हक्क दिला. परंतु हा हक्क खोलीपुरता राहिला. अंगणातील चार मीटर जागेवर कोणाचा अधिकार, हे कोणत्याही भाडेपावतीवर लिहिलेले नसते. त्यामुळे ज्यांनी गाडी घेतली त्यांनी ती रस्त्याच्या कडेला, फुटपाथला लगटून उभी केली. गाडी जितकी लहान तितकी जागा मिळण्याची शक्यता अधिक. लहान मोटारीचा या परिसरातील प्रसार या व्यावहारिक शहाणपणातून झाला.

४. मारुती, नॅनो आणि चार मीटरची रेषा

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली. सुमारे ३.३ मीटर लांब आणि १.४४ मीटर रुंद अशी ही गाडी मध्यमवर्गाच्या पहिल्या मोटारीचे प्रतीक ठरली. दादर आणि गिरगावातील नोकरदार कुटुंबांच्या दृष्टीने तिचे महत्त्व दुहेरी होते. एक तर पद्मिनीसाठी करावी लागे तशी दीर्घ प्रतीक्षा हळूहळू संपली. दुसरे म्हणजे, रस्त्यावर दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ती सहज बसे. दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी घ्यावी, प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनास न्यावी, हार घालावा, नारळ फोडावा आणि मग घराजवळच्या गल्लीत जागा शोधत फिरावे, हा अनुभव एका संपूर्ण पिढीचा आहे.

लहान गाडीच्या कल्पनेचे टोक म्हणजे टाटा नॅनो. २३ मार्च २००९ रोजी ती मुंबईत विक्रीसाठी सादर झाली. लांबी केवळ ३.१ मीटर. तिच्या अपयशाची कारणे अनेक सांगितली जातात. ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरूद ग्राहकाला रुचले नाही, हे त्यांपैकी प्रमुख होय. मोटार ही आपल्या समाजात केवळ वाहन नसते, ती प्रतिष्ठेचे चिन्हही असते. हा धडा पुढे सर्व उत्पादकांनी लक्षात ठेवला.

याच काळात शासनाच्या एका निर्णयाने मोटारीच्या आकाराला वेगळेच वळण दिले. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारीची व्याख्या करण्यात आली. लांबी चार मीटरपेक्षा अधिक नसावी आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घन सेंटिमीटरच्या मर्यादेत असावे. अशा गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. हेतू लहान गाडीला उत्तेजन देण्याचा होता. तथापि कायदा लांबी मोजत होता. रुंदी, उंची आणि वजन यांवर त्याने कोणतेही बंधन घातले नव्हते. उत्पादकांनी याचा चातुर्याने उपयोग केला आणि चार मीटरच्या आत मावणारी, परंतु उंच आणि रुंद अशी एसयूव्ही घडविली. २०१३ मधील फोर्ड इकोस्पोर्ट, २०१६ मधील मारुती व्हिटारा ब्रेझा आणि २०१७ मधील टाटा नेक्सॉन ही या प्रकारची ठळक उदाहरणे होत.

एक तुलना येथे उद्बोधक ठरेल. पद्मिनी सुमारे ३.९ मीटर लांब होती आणि पहिली विजेवरील नेक्सॉन ३.९९ मीटर. लांबी जवळपास सारखीच. परंतु पद्मिनीची रुंदी १.४६ मीटर, तर नेक्सॉनची १.८१ मीटर. पद्मिनीचे वजन ९०० किलोग्रॅमच्या आसपास, तर विजेवरील नेक्सॉनचे सुमारे १४०० किलोग्रॅम. ज्या गल्लीत दोन्ही बाजूंना पद्मिनी उभ्या असताना मधून हातगाडी जात असे, तेथे दोन्ही बाजूंना आजच्या गाड्या लावल्यास मधली वाट सत्तर सेंटिमीटरने अरुंद होते. कायद्याच्या भाषेत दोन्ही गाड्या ‘लहान’ ठरल्या असत्या. गल्लीच्या भाषेत त्या तशा नाहीत.

५. विजेच्या मोटारीचा बाजार : लहानाकडून मोठ्याकडे

भारतातील विजेवरील खासगी मोटारीचा प्रारंभ लहान गाडीनेच झाला. २००१ मध्ये बंगळूर येथून ‘रेवा’ ही दोन दारांची छोटी मोटार बाजारात आली. २०१० मध्ये महिंद्रने त्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला आणि २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ ही तिची सुधारित लहान मोटार आणली. दोन्ही गाड्या गर्दीच्या शहरासाठी योजलेल्या होत्या. दोहोंनाही मर्यादित ग्राहक लाभला आणि २०१९ पर्यंत हे पर्व आटोपले.

बाजार खऱ्या अर्थाने हलला तो जानेवारी २०२० मध्ये. टाटा मोटर्सने विजेवरील नेक्सॉन सुमारे १४ लाख रुपयांच्या प्रारंभिक किमतीस आणली. बॅटरीची क्षमता ३०.२ किलोवॅट-तास आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर. त्यानंतर महिंद्रने जानेवारी २०२३ मध्ये एक्सयूव्ही ४०० आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ व एक्सईव्ही ९ई या मोठ्या गाड्या सादर केल्या. टाटांची विजेवरील हॅरियर जून २०२५ मध्ये आली. या दोन्ही कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये दक्षिण मुंबईतच आहेत, एक बॉम्बे हाऊसमध्ये आणि दुसरे अपोलो बंदर येथे. मोठ्या विजेच्या गाडीवर भर देण्याचा निर्णय घेणाऱ्या कंपन्या आणि त्या गाडीला जागा नसलेल्या चाळी यांच्यात काही किलोमीटरचेच अंतर आहे.

लहान गाड्यांचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये विजेवरील टियागो ८.४९ लाख रुपयांपासून आणि एप्रिल २०२३ मध्ये एमजी कॉमेट ७.९८ लाख रुपयांपासून बाजारात आली. कॉमेटची लांबी तीन मीटरहूनही कमी आहे. रस्त्यावर ती सुमारे ४.५ चौरस मीटर जागा व्यापते, तर ४.७९ मीटर लांब आणि १.९१ मीटर रुंद असलेली एक्सईव्ही ९ई सुमारे ९.१ चौरस मीटर. म्हणजे एका मोठ्या गाडीच्या जागेत दोन लहान गाड्या मावतात. शिवाय ही मोठी गाडी नियमावलीतील लहान मोटारीच्या साडेचार मीटरच्या चौकटीत बसतही नाही. असे असूनही बाजारातील उत्साह मोठ्या गाडीभोवती राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरला मिळालेला मोठा प्रतिसाद हेच दर्शवितो. ती ४.३ मीटर लांब, ऐसपैस बैठकीची कौटुंबिक गाडी आहे.

कररचनेने या प्रवाहाला अडविले नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या सर्व वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये कररचना बदलली, तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के असा भेद ठेवण्यात आला. विजेच्या गाडीला मात्र आकार काहीही असला तरी ५ टक्केच कर राहिला. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात तीस लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के मोटार वाहन कर प्रस्तावित झाला होता, पण तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. परिणामी २००६ ची चार मीटरची रेषा पेट्रोलच्या गाडीसाठी शिल्लक राहिली आणि विजेच्या गाडीसाठी पुसली गेली.

६. गावाचा रस्ता

मोठ्या गाडीच्या आकर्षणाला केवळ प्रतिष्ठेची हौस म्हणणे अन्यायाचे होईल. गिरगाव, परळ आणि लालबाग येथील अनेक कुटुंबांचे मूळ रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी जाणे हा त्यांच्या वर्षक्रमाचा अविभाज्य भाग आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तरी सणासुदीला तिकीट मिळणे दुरापास्तच राहिले. रत्नागिरी मुंबईहून रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर, तर सावंतवाडी सुमारे पाचशे किलोमीटर. आजी-आजोबा, मुले, सामान, परतीच्या प्रवासात तांदूळ, आंबे, फणस हे सर्व घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला कॉमेटचा २३० किलोमीटरचा प्रमाणित पल्ला आणि चार आसने पुरणारी नाहीत. प्रत्यक्ष पल्ला घाट, भार आणि वातानुकूलन यांमुळे प्रमाणित आकड्याहून कमीच पडतो.

गिरगाव ते दादर हे अंतर आठ-नऊ किलोमीटरचे. वर्षातील बहुतेक दिवस गाडी एवढीच धावते. तथापि एकच गाडी घेऊ शकणारे कुटुंब ती वर्षातील सर्वांत मोठ्या प्रवासाच्या हिशेबाने निवडते. पेट्रोलच्या युगात हा पेच नव्हता. मारुती ८०० घेऊन लोक कोकणात जात, कारण वाटेत पेट्रोल मिळे. विजेच्या युगात पल्ला बॅटरीच्या आकारावर आणि बॅटरीचा आकार गाडीच्या आकारावर अवलंबून राहतो. मे २०२५ च्या राज्य धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना पथकरात सूट दिली. ही सूट दूरच्या प्रवासाला, म्हणजे पर्यायाने मोठ्या बॅटरीच्या गाडीला अधिक लाभदायक ठरते.

७. गिरणीची जमीन, पोडियम आणि विजेचे बटण

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर परळ-लालबागचे स्वरूप कायमचे बदलले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने आणि २००१ मधील त्यातील दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनींवर नवे बांधकाम शक्य झाले. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. जेथे भोंगा वाजत होता, तेथे उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. त्यांचे खालचे अनेक मजले केवळ मोटारींसाठी असतात. या मजल्यांना ‘पोडियम’ म्हणतात. तेथे प्रत्येक सदनिकेच्या नावावर क्रमांक घातलेली जागा असते आणि तेथवर विजेची तार आणणे तुलनेने सुलभ असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने आदर्श बांधकाम उपविधींत दुरुस्ती सुचवून नव्या इमारतींतील वाहनतळाच्या वीस टक्के जागांवर चार्जिंगची सोय गृहीत धरली. ही तरतूद नव्या बांधकामाला उद्देशून आहे. जुनी चाळ तिच्या कक्षेबाहेरच राहते.

घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगमधून सुमारे ३.३ किलोवॅट वीज घेता येते. या वेगाने ३० किलोवॅट-तासांची बॅटरी भरण्यास नऊ तासांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे रात्रभर गाडी एका जागी निश्चिंत उभी राहिली पाहिजे. पोडियममधील गाडी तशी उभी राहते. चाळीतील कुटुंबाची गाडी आज या गल्लीत तर उद्या त्या गल्लीत उभी असते. तिसऱ्या मजल्यावरील खोलीतून रस्त्यावरील गाडीपर्यंत तार सोडणे धोक्याचे आहेच, शिवाय पदपथावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी तो खेळ आहे. बेटावरील वीजपुरवठा मुख्यत: बेस्टकडे आहे. चाळीतील प्रत्येक खोलीला बेस्टचे मीटर आहे. मीटर आणि गाडी यांच्यामधले वीस-पंचवीस मीटरचे अंतर मात्र कायद्याने कोणाचेच नाही. या परिसरातील विजेच्या मोटारीचा खरा अडथळा हे अंतर आहे.

चाळींच्या पुनर्विकासाने हे अंतर मिटेल, अशी अपेक्षा व्यक्त केली जाते. वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या सदनिका मिळाल्या. ही निश्चितच समाधानाची बाब आहे. परंतु गिरगावसारख्या भागात भूखंड इतके लहान आहेत की, तेथे पुष्कळदा यांत्रिक वाहनतळाचा आश्रय घ्यावा लागतो. लोखंडी पाळण्यात गाडी ठेवून वर उचलणाऱ्या या यंत्रणेला उंची आणि वजनाची मर्यादा असते. फिरत्या पाळण्यापर्यंत वीज नेण्यासाठी निराळी योजना करावी लागते. पुनर्विकासाच्या करारात क्षेत्रफळ, भाडे आणि कॉर्पस निधी यांवर रहिवासी जागरूकपणे वाटाघाटी करतात. वाहनतळातील वीजभार आणि पाळण्याची मापे या बाबी बहुधा विकासकावर सोडल्या जातात. पुढील पन्नास वर्षे त्या इमारतीत कोणती गाडी येऊ शकेल, हे मात्र याच बाबी ठरविणार आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली बाब अशी की, लहान मोटारीची पीछेहाट ही केवळ विजेच्या मोटारीपुरती मर्यादित नाही आणि केवळ या परिसरापुरतीही नाही. वाढत्या किमती, बदललेली अभिरुची आणि उत्पादकांचा नफा यांमुळे देशभर ग्राहक उंच गाड्यांकडे वळला. त्यामुळे जागेचा अभाव हे एकमेव कारण मानता येणार नाही. तथापि पेट्रोलची लहान गाडी रस्त्यावर उभी राहूनही चालविता येत होती आणि विजेची लहान गाडी तशी चालविता येत नाही. हा फरक या परिसरात निर्णायक ठरतो.

दुसरी बाब कररचनेची. २००६ मध्ये शासनाने लांबी मोजली आणि रुंदी विसरली. २०१९ नंतर विजेच्या गाडीची लांबीही मोजणे सोडून दिले. धूर न सोडणारी गाडी ही स्वच्छ गाडी होय, हे मान्य केले तरी ती रस्त्यावरची जागा व्यापतेच. मुंबई बेटावर हवेइतकीच जागाही दुर्मीळ आहे, हे करविषयक धोरणात प्रतिबिंबित झालेले नाही.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. विजेच्या मोटारीचा लाभ आज प्रामुख्याने हक्काचा वाहनतळ असलेल्या कुटुंबांना मिळतो. करातील सूट, पथकरातील सूट आणि इंधनखर्चातील बचत हे सर्व लाभ पोडियमच्या मजल्यावर पोहोचतात आणि अंगणाच्या फाटकापाशी थांबतात. सार्वजनिक पैशातून दिली जाणारी सवलत अशा रीतीने घराच्या प्रकारानुसार वाटली जाते. यावर उपाय म्हणजे चाळींच्या आणि उपकरप्राप्त इमारतींच्या लगत, रात्री वापरता येतील अशी सामायिक चार्जिंगची ठिकाणे. तेथे लहान गाड्यांना अग्रक्रम देता येईल आणि कर वा शुल्क गाडीने व्यापलेल्या क्षेत्रफळाशी जोडता येईल. हे काम पार पाडण्यास वीजपुरवठा आणि प्रवासी वाहतूक या दोहोंचा शतकाहून अधिक अनुभव असलेली संस्था या शहरात आहेच.

१९०७ मध्ये विजेवरचे वाहन या रस्त्यांवर आले, तेव्हा ते सर्वांसाठी होते आणि ते उभे करण्याची चिंता प्रवाशाला नव्हती. दादर टी.टी. हे नाव त्या व्यवस्थेची आठवण आहे. विजेची मोटार लहान असावी की मोठी, हा प्रश्न ग्राहकाच्या आवडीचा म्हणून सोडून देता येईल. ती कोठे उभी राहणार आणि तिला वीज कोण देणार, हा प्रश्न मात्र शहराचा आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पहिल्या प्रश्नाचे न्याय्य उत्तर मिळणे संभवत नाही.